गाळलेला परिच्छेद

आमच्या नल्लकुंट्याच्या घरी भुतं शनिवारी दुपारी चार वाजता यायची. रात्रीची भुतं आम्हाला झेपणारी नव्हती, कारण माझ्या मैत्रिणीला, स्वातीला, दिवेलागणीच्या आत घरात असावं लागे आणि आमच्या मित्राला, किशोरला, सिकंदराबादची बस धरायची असे. त्यामुळे जगातली सगळी स्मशानं, पडक्या विहिरी आणि पांढऱ्या साडीतल्या बायका आम्ही भर उन्हात, पंखा पाचवर ठेवून, भिजवून फोडणीला टाकलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला खात सोसल्या. माझी आत्या त्यात मिरच्या इतक्या टाके की खाताना नाकाडोळ्यांतून पाणी येई. किशोर म्हणे, "हे बघा, गोष्टीने नाही रडवलं, आत्यांच्या मिरच्यांनी रडवलं." वरच्या मजल्यावर घरमालकीणबाईंची तेलुगू मालिका मोठ्या आवाजात चाललेली असे. आमच्या गोष्टीत कोणी दार उघडायला आणि तिकडे ढोल वाजायला गाठ पडली, की आम्ही तिघंही दचकायचो आणि मग कोणी दचकलंच नव्हतं असं ठरवायचो.

त्या दिवसांत इंटरनेटवर मराठी लिहिता येऊ लागलं होतं, आणि लिहिता येतंय म्हटल्यावर जो तो लिहीत सुटला होता. भयकथांची एक वेबसाइट होती. कोणीही यावं, टोपणनाव घ्यावं आणि घाबरवावं. कुठले कुठले कारकून, आखातातले इंजिनियर, कामं आटोपून बसलेल्या गृहिणी, सगळे 'अंधारयात्री' आणि 'काळीमांजर' होऊन लिहीत. शंभरातल्या नव्वद गोष्टींत गाडी घाटात बंद पडे आणि उरलेल्या दहांत ती बंद पडता पडता राही. मी दर आठवड्याला विद्यानगरच्या नेट सेंटरात जाऊन त्यातल्या दोन-तीन निवडायची आणि छापून आणायची. छापताना काही जोडाक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटत. ते चौकोन मी वाचताना अंदाजाने भरून काढायची, आणि कित्येकदा लेखकापेक्षा बरा शब्द घालायची. याचा मला गर्व होता. तो गर्व पुढे कुठे नेणार आहे हे तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं, पण ते असो.

वाचायची मीच, कारण वाचता मलाच येत होतं. आम्ही तिघंही मराठी घरांतली. बोलणं घरात मराठी, रस्त्यावर दखनी, दुकानात तेलुगू. पण किशोर रेल्वेच्या वसाहतीत वाढलेला, इंग्रजी शाळेतला. त्याला देवनागरी म्हणजे स्टेशनांच्या पाट्यांपुरती. स्वाती कॉन्व्हेंटची. ती एकेक अक्षर लावून वाचे आणि पान संपेपर्यंत घामाघूम होई. "तू पढ नं मंजू," ती म्हणायची, "मी वाचलं तर भूत कंटाळून निघून जाईल." मला मात्र मराठी सुरेख येत होतं आणि त्याचं श्रेय शाळेला नव्हतं. मला वाचायला आत्याने शिकवलं होतं. ती पाणी भरायला बसायची तेव्हा मला शेजारी बसवून घ्यायची आणि ओल्या बोटाने शहाबादी फरशीवर अक्षर काढायची. ते वाळायच्या आत मी ओळखायचं. उन्हाळ्यात अक्षरं भराभर वाळत, म्हणून उन्हाळ्यात मी जास्त शिकले.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि ती भावाकडे आली ती कायमची. आमच्या घरी एक दिवसाआड पाणी यायचं, साडेतीन-चारच्या सुमाराला. त्याला जोर नसे. मोटर लावून हौद भरे, पण प्यायचं पाणी मागच्या मोरीतल्या नळाला पाइप लावून हातानेच भरावं लागे. ते काम आत्याचं. तिचं म्हणून कोणी नेमून दिलेलं नव्हतं, पण दुसरं कोणी ते केल्याचं मला आठवत नाही. दोन पिंपं, हंडे, कळश्या आणि ते पितळी घंगाळ. घंगाळाची एक कडी तुटली होती आणि तिथे हिरवी नायलॉनची दोरी बांधलेली होती. नळाचा आधी फुस्स असा आवाज यायचा, मग आत्या जिथे असेल तिथून उठायची. जेवत असली तर ताट झाकून उठायची. लग्नकार्याला गेलो तर ती एकटी घरी राहायची, कारण पाण्याचा दिवस असायचा. आणि आम्ही तिला "अगं चल की" असं दारातून एकदाच म्हणायचो, निघालेल्या रिक्षातून म्हणावं तसं.

आमची गोष्टी तपासायची एक रीत होती. ती किशोरने काढली आणि तिला कायदा मी केला. वाचन चालू असताना कोणी बोलायचं नाही. ऐकणाऱ्याने मूठभर फुटाणे घ्यायचे आणि ज्या वाक्याला खरंच भीती वाटेल तिथे एक फुटाणा मधल्या स्टीलच्या वाटीत टाकायचा. टण्ण असा आवाज आला की मी त्या वाक्यापाशी पेन्सिलीने खूण करायची. शेवटी वाटी रिकामी असेल तर गोष्ट नापास. मग तिच्याखाली आमचा शेरा जायचा, सही 'तपासनीस मंडळ, नल्लकुंटा'. शेरे किशोर सांगायचा आणि मी लिहायची, त्यामुळे त्यात त्याचा आचरटपणा आणि माझी मराठी एकत्र यायची. एकाला आम्ही लिहिलं होतं, 'आपल्या भुताला भाड्याने राहत असल्याचा संकोच वाटतो.' एकीला लिहिलं, 'हडळीने केस विंचरण्यात दोन पानं घेतली, तोवर नायकाने पळून जायला हवं होतं.' लोक चिडायचे. त्यामुळे आमची कीर्ती वाढायची. आज ते शेरे आठवले की मला कानकोंडं होतं. ती माणसं दिवसभर राबून येत होती आणि चार ओळी लिहीत होती, आणि आम्ही विशीतली पोरं त्यांना फुटाण्यांनी मोजत होतो.

मीही लिहीत होते, हे या दोघांना ठाऊक नव्हतं. 'निशिगंधा' या नावाने मी त्याच साइटवर गोष्टी टाकत होते आणि एका शनिवारी धीर करून त्यातली एक मी छापून आणली. तळघराची गोष्ट होती. आवाज चढवून, पाडून, जीव तोडून वाचली. वाटी रिकामी. किशोर म्हणाला, "यार, ही बाई शब्दकोश उशाला घेऊन झोपते काय की!" स्वाती म्हणाली, "लिहिणारीने कोणालाच नीट बघितलं नाही, असं वाटतं. तळघर आहे, पण घर कुठाय?" हे दुसरं वाक्य मला जास्त लागलं, कारण त्यात चेष्टा नव्हती. शेरा लिहायचा होता. मी माझ्याच हाताने माझ्या गोष्टीखाली तो लिहिला आणि नेट सेंटरातून घरी येईपर्यंत रडले.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी साइटवर 'पाहुणी' या नावाने एक गोष्ट आली, 'एक दिवसाआड'. मी नेट सेंटरात उभ्या उभ्या वाचायला लागले आणि मग खुर्ची ओढून बसले. भाषा अशी-तशीच होती, मध्येच दखनी वळणाची. पण पहिल्याच पानावर एक मोरी होती, एक नळ होता, नळाचा फुस्स आवाज होता, आणि हिरव्या दोरीचं घंगाळ होतं. किशोर आमच्या मोरीकडे कधी गेला नव्हता. स्वाती मात्र हात धुवायला जायची आणि आत्याशी बोलत बराच वेळ तिथेच उभी राहायची. इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की मराठी उमटवणारी सोय तेव्हा नवी आली होती. वाचायला घाम फुटणारी माझी मैत्रीण लिहू शकत होती.

गोष्ट साधी होती. एका घरात एक आत्या असते, जन्मभर घराचं पाणी भरते आणि एक दिवस मरते. पंधरवड्यानंतर घरातले लोक लग्नाहून परत येतात तर पिंपं भरलेली. घाबरतात. पण पाणी येतच राहतं, आणि हळूहळू घाबरणं संपतं, सोय उरते. आता सगळे मिळून बाहेरगावी जातात, सिनेमाला जातात, पाण्याची काळजी नाही. इथवर भूत होतं पण भीती नव्हती. मग शेवटचा परिच्छेद होता. एका दुपारी घरातली मुलगी एकटीच परत येते. पिंपं भरलेली आहेत, हंडे भरलेले आहेत, आणि आज वाट्याही भरलेल्या आहेत. फुलपात्रं, चमचे, समई, पणती, कुंकवाची डबी, शिवणाच्या पेटीतलं अंगुस्तान, सगळं काठोकाठ. नळ चालू आहे आणि भरायला भांडं उरलेलं नाही. मुलगी दारात उभी राहते आणि म्हणते, "पुरे, आत्या. आता बस." नळ बंद होतो. शेजारचा पाट, ज्यावर कधीच कोणी बसलेलं नसतं, जरासा सरकतो. आणि मुलीला कळतं की हे एवढंच वाक्य जिवंतपणी तिला कोणी म्हटलं नव्हतं, म्हणून ती थांबू शकत नव्हती.

हे मी माझ्या शब्दांत सांगितलं. तिचे शब्द मला आठवत नाहीत, आणि ते बिनशोभेचे असल्यामुळे जास्त चांगले होते एवढं आठवतं. त्या दिवशी मला भीती वाटली, रडू आलं आणि राग आला, तिन्ही एकदम. राग कसला होता हे मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं नाही. आज सांगते. माझं घर, माझी आत्या, माझं घंगाळ. वीस वर्षं मी त्या घरात होते आणि तळघरं शोधत होते, आणि शनिवारी चार घटका येणाऱ्या पोरीने ते सगळं बघून घेतलं होतं. मला तिचा मत्सर वाटला.

शनिवारी मी ती गोष्ट वाचली. योगायोग म्हणा, पाण्याचाच दिवस होता. मागे मोरीत पाइपाचा आवाज येत होता. मी छान वाचत होते. पिंपं भरलेली सापडतात तिथे किशोरने एक फुटाणा टाकला. स्वातीने एकही टाकला नव्हता, पण तिच्या मुठीतला एक फुटाणा चिमटीत आला होता, मला दिसत होता. सगळे सिनेमाला जातात, पाण्याची काळजी नाही, इथवर मी आले. शेवटचा परिच्छेद पुढच्या पानाच्या वरच्या बाजूला होता. मी पान उलटलं, त्याच्याकडे बघितलं, कागद जुळवले आणि म्हणाले, "संपली."

माझी लबाडी कोणाला पकडता येण्यासारखी नव्हती. किशोरला ते पान हातात दिलं असतं तरी त्याला पहिल्या ओळीच्या पुढे जाता आलं नसतं. आणि स्वातीला बोलायचं तर ती गोष्ट आपली आहे हे सांगावं लागलं असतं. तिने माझ्याकडे बघितलं. चांगलं सावकाश बघितलं. मग तो फुटाणा तोंडात टाकला आणि चावत राहिली.

"बस? इतकंच?" किशोर म्हणाला. "भूत पाणी भरतं, मग काय? मला पत्ता दे की, आमच्या क्वार्टरला पाठवतो." स्वाती हसली. खरंच हसली. तेवढ्यात आत्या चहा घेऊन आली, हात कोपरापर्यंत ओले, आणि म्हणाली, "कसलं हसताय रे? मला पण सांगा." मी म्हणाले, "काही नाही गं आत्या, तुला नाही कळणार." आत्याने कप ठेवले आणि ती पुन्हा मोरीकडे गेली, कारण नळ चालू होता. मी शेरा लिहिला, 'कल्पना बरी. पण गोष्टीला शेवट नाही. शेवट सुचेल तेव्हा पुन्हा यावं.' तो त्याच संध्याकाळी टाकला. दोन दिवसांनी बघितलं तर गोष्ट साइटवरून काढून टाकलेली होती आणि 'पाहुणी' हे नावही गेलं होतं. छापलेली प्रत माझ्याकडे होती. ती मी फाडली. का फाडली ते विचारू नका, ज्यांना सापडायची भीती वाटते ती माणसं फाडतातच.

मंडळ त्यानंतर फार चाललं नाही. परीक्षा आल्या, किशोरला बंगळुरूला नोकरी लागली, स्वाती बँकेच्या परीक्षांना बसली. मी पुढे अनुवादाच्या कामात शिरले, दुसऱ्यांच्या लिहिण्यातला एक शब्दही गाळायचा नाही अशा कामात. देवाला विनोदाची आवड असावी. स्वातीने पुन्हा कधी काही लिहिलं नाही. दरवर्षी कुठे ना कुठे भेटलो, हळदीकुंकवाला, कोणाच्या बारशाला, आणि दर वेळी मला वाटायचं की आज सांगावं. आपण एका लिहिणारीला मारलं, या ओझ्याखाली मी वावरत होते. आणि खरं सांगायचं तर त्या ओझ्यात थोडा मोठेपणाही होता, कारण मारायला आपण कोणीतरी असावं लागतं.

हे पुस्तक लिहायला घेतलं तेव्हा ठरवलं की तिला विचारल्याशिवाय हे प्रकरण लिहायचं नाही. गेल्या महिन्यात विद्यानगरला तिच्या फ्लॅटवर गेले. तिचे केस पांढरे झालेत, ती रंगवत नाही. उस्मानिया बिस्किटं आणि चहा पुढे ठेवून बसली. मी बरीच तयारी करून गेले होते, पण तोंडातून एकदम आलं, "स्वाती, 'एक दिवसाआड' तू लिहिली होतीस. त्याचा शेवट मी मुद्दाम गाळला."

"हौ, मालूम आहे की," ती म्हणाली. "मी समोरच तर बसले होते."

"तुला राग नाही आला?"

"राग कायकू? मला तर बरं वाटलं गं." तिने बिस्कीट चहात बुडवलं. "मला कुठे लेखिका व्हायचं होतं? ती गोष्ट मी तुझ्यासाठी लिहिली होती, मंजू. आत्या माझ्याशी मोरीत बोलायच्या. एकदा म्हणाल्या, पोरी, मला गुडघे वाकवता येत नाहीत आता, पण कोणाला सांगू? आता मी तुमच्या घरी येऊन, तुमचं खाऊन, तुला कशी म्हणू की आत्यांना जरा बसव म्हणून? वाईट दिसतं. मग विचार केला, वाचणारी तर तूच आहेस. साइटवर टाकली तर तुझ्याच हातात येईल."

मी हातातला कप खाली ठेवला.

"आणि आली. तू शेवट गाळलास तेव्हाच मला कळलं, हिला पोचलं. घरातली गोष्ट किशोरसमोर कशाला, म्हणून सोडलीस. मी म्हटलं, बास, काम झालं. दुसऱ्या दिवशी काढून टाकली." ती हसली. मग माझ्याकडे बघून, अगदी सहज, दूध संपलं का विचारावं तसं तिने विचारलं, "म्हणालीस नं मग त्यांना? पुरे, आता बस?"

आत्या त्यानंतर अकरा वर्षं पाणी भरत होती. गुडघ्यांचं मला कळलं ते ती मोरीत पडली तेव्हा. शेवटच्या आजारात तिला दिवसांचं भान उरलं नव्हतं. ती खाटेवरून उठू बघायची आणि विचारायची, "आज पाण्याचा दिवस ना गं?" ते वाक्य तेव्हाही माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते चोरलेलं वाक्य होतं, मी ते फाडून टाकलं होतं, आणि कोणत्या तोंडाने म्हणणार म्हणून मी म्हणाले, "भरलं गं आत्या, मी भरलं." त्यावर ती पडून राहायची, पण डोळे नळाच्या दिशेला असायचे.

स्वाती उत्तराची वाट बघत होती. तिच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांचं समाधान होतं, एक काम केल्याचं, चांगलं केल्याचं.

"हो," मी म्हणाले. "म्हटलं होतं."

"बघ," ती म्हणाली आणि उठून माझ्यासाठी अजून चहा आणायला गेली.

हे प्रकरण छापून येईल तेव्हा तिला ते सलग वाचता येणार नाही. ती मलाच बोलावील आणि म्हणेल, तू पढ नं मंजू. तेव्हा मी समोर बसून शेवटपर्यंत वाचीन असं आज इथे लिहून ठेवते आहे. पण पान उलटताना माझा हात काय करतो, हे मला एकदा दिसलेलं आहे.